ठसे एक नंबर, सल्ला नको: कोठीजवळचं डॉक्युमेंटचं दुकान

अमेरिकेच्या कामासाठी बोटांचे शाईचे ठसे द्यायचे असतील तर वडोदऱ्यातल्या कोठीजवळच्या या दुकानात बिनधास्त जा. ‘फॉर्मपण आम्हीच भरून देऊ’ असं म्हणाले, तर मात्र हात जोडा आणि निघा.

मी अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए: डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासणारी. त्यासाठीची पॅन्स ही परीक्षा, म्हणजे 300 प्रश्न आणि पाच तास, पास झाले की नावापुढे पीए-सी लावता येतं. पण पेशंट तपासायचा तर ज्या राज्यात नोकरी त्या राज्याचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. मी माहेरी वडोदऱ्याला आलेली असतानाच लायसन्स देणाऱ्या बोर्डाची कागदांची यादी आली आणि त्यात एफडी-258 कार्डावरचे, म्हणजे एफबीआयच्या ठशांच्या छापील कार्डावरचे ठसे. परत जाऊन करायचं तर जॉइनिंग लांबलं असतं.

दुकानातले काका मराठी, पण गिऱ्हाईक बघून गुजरातीत सुरू होतात. स्टॅम्पपॅडची जांभळी शाई इथे नाही. काचेवर काळी शाई रोलरने इतकी पातळ पसरतात की काच खालून दिसते. आधी हात धुवायला लावले, कोरडे पुसले, मग स्पिरिट. हॉस्पिटलात दिवसभर सॅनिटायझर चोळून माझी बोटं खरखरीत झालेली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि जराशी दाबून, चोळून घेतली, रेषा वर याव्यात म्हणून.

मी आपलं बोट फिरवायला गेले तर म्हणाले, “हात सैल सोडा, ताई. तुम्ही मदत केली की ठसा फिसकटतो.” अंगठा शरीराच्या दिशेने, बाकीची बोटं बाहेरच्या दिशेने, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एका दमात. दहा बोटं झाली की खाली चार-चार बोटांचे आणि अंगठ्यांचे सपाट ठसे. एक करंगळी पुसट आली तर ते कार्ड सरळ बाजूला टाकून नवं काढलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. कार्ड जाड कागदाचं. सही त्यांच्यासमोर करायची, घरून करून आणायची नाही. दोन कार्डं करून घ्या, एक नाकारलं गेलं तर दुसरं हाताशी असतं. पुठ्ठा घालून पाकीट देतात, घडी पडू देत नाहीत.

आता सल्ल्याचं. काउंटरवरच्या मुलाने मला ‘यूएसए लायसन्स पॅकेज’ विकायचा चांगलाच प्रयत्न केला: ट्रान्सक्रिप्ट मागवू, अटेस्ट करू, बोर्डाला कुरियर करू. अहो, कोर्सचं व्हेरिफिकेशन कॉलेजकडून आणि परीक्षेचं ती घेणाऱ्या एनसीसीपीए संस्थेकडून थेट बोर्डाकडे जातं. मधे कुणाचा हात लागला की तो कागद रद्दी, मग त्यावर नोटरीचे कितीही शिक्के असोत. काही राज्यं एफसीव्हीएस या कागद तपासून ठेवणाऱ्या तिकडच्या सेवेमधून कागद घेतात. तिथे एकदा तपासलेली फाइल पुढच्या राज्यासाठीही कामाला येते, आणि ते खातं आपलं आपल्यालाच उघडता येतं.

त्याहून खटकलं ते शेजारच्या काकूंना दिलेलं उत्तर. त्यांचा मुलगा इथला एमबीबीएस, त्याला तिकडे पीए होता येईल का, असं त्या विचारत होत्या. “हो हो, पेपर्स घेऊन या!” पेपर्स कसले? एआरसी-पीएची, म्हणजे पीए कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेला तिकडचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय पॅन्सला बसूच देत नाहीत, मग तुम्ही इथले डॉक्टर असा नाहीतर प्रोफेसर. मी बाहेर आल्यावर काकूंना हे सांगितलं. त्यांना फारसं आवडलं नाही.

जाण्याआधी आपल्या बोर्डाच्या सूचना वाचा. काही ठिकाणी पोलिसांनीच घेतलेले ठसे लागतात, आणि कॅलिफोर्नियात राहत असाल तर लाइव्ह स्कॅन, म्हणजे मशीनवर डिजिटल ठसे, मग शाईचं कामच नाही.

ठशांना पाचपैकी पाच, पॅकेजला शून्य. दुपारी दुकान बंद असतं आणि काका असतील तरच काम द्या, मुलाकडून ठसे घेऊ नका. गाडी लांब लावून चालत या, आणि पांढरा ड्रेस घालून तर मुळीच नको.