मलेरियाचा डास की डेंग्यूचा, ओळखायचा कसा?

गोव्यात पाऊस सुरू झाला की दोघेही हजर, आणि लोक दोघांनाही नुसतं "डास" म्हणून मोकळे होतात. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस, आपल्या शहरी भागात मुख्यतः स्टीफन्साय जातीचा, हा रात्री चावतो आणि भिंतीवर बसला की ढुंगण वर करून तिरका बसतो. डेंग्यूवाला एडिस काळा, पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, म्हणजे रात्रीची मच्छरदाणी त्याला फारशी अडवत नाही.

अळ्या बघा, तिथे फरक लगेच कळतो. अ‍ॅनोफिलिसची अळी पाण्याला समांतर पडून राहते कारण तिला शेपटीकडे श्वास घ्यायची लांब नळी नसते, एडिसची उलटी लटकते. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून सुकी राहूनही महिनोनमहिने टिकतात, म्हणून कुंडीखालची ताटली नुसती ओतून भागत नाही, घासायला लागते. स्टीफन्सायला मात्र स्वच्छ पाणी आवडतं: विहीर, गच्चीवरची उघडी टाकी, आणि पणजी-कांदोळीकडच्या साइटवर स्लॅबला क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी. बिल्डर लोकांनी कामगारांचं रक्त मलेरियासाठी तपासून हेल्थ कार्ड काढायचं ते उगाच नाही.

चावतात दोन्हींच्या माद्याच.

जास्त वाईट कोण? माझ्या मते डेंग्यूची भीती जास्त वाटते पण मलेरिया जास्त चिवट, कारण व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचा परजीवी यकृतात लपून राहतो आणि काही महिन्यांनी परत ताप आणतो, म्हणून डॉक्टरनी दिलेला प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स ताप उतरला तरी पुरा करावा लागतो. डेंग्यूच्या विषाणूवर असं औषधच नाही.