नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र की दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब?

खटला उभा राहण्याआधीही माणूस शपथेवर बोलू शकतो. पोलीस घेतात तो जबाब मात्र शपथेवर नसतो आणि त्यावर सहीही घ्यायची नसते. त्यामुळे खरे पर्याय दोन.

प्रतिज्ञापत्र सोपं. नोटरीपुढे शपथ घ्यायची, सही करायची. नोटरीला हा अधिकार 1952च्या कायद्याने दिला आहे. नावातला बदल किंवा दाखला अशा कामांत ते वापरतात. पण मजकूर बहुतेकदा टायपिस्टच्या भाषेत असतो आणि पुष्कळ जण तो न वाचताच सही करतात, हे मला फार खुपतं. खोटं लिहिलं तर शिक्षा आपल्याला, टायपिस्टला नाही.

दुसरा पर्याय गुन्ह्याच्या तपासातला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 164) दंडाधिकारी साक्षीदाराला शपथ देऊन जबाब नोंदवतात. मात्र साक्षीदाराला स्वतःहून तिथे जाता येत नाही; तपास अधिकाऱ्यामार्फतच जावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली स्पष्ट केलं. आरोपीच्या कबुलीजबाबाला शपथ नसते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचा जबाब शक्यतो महिला दंडाधिकारी घेतात. पीडित व्यक्ती अपंग असेल तर तोच जबाब सरतपासणीच्या (न्यायालयात साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेल्या पहिल्या साक्षीच्या) जागी धरतात, म्हणजे सगळं पुन्हा सांगण्याचा त्रास वाचतो. कायद्यातली ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते.

इतरांना मात्र खटल्यात पुन्हा साक्ष द्यावी लागते. आधीचा जबाब दुजोऱ्यापुरता किंवा विसंगती दाखवण्यापुरता. तरी साक्षीदार फुटण्याची भीती असेल तिथे मी दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाबच निवडेन.