आकडा उतरला स्टेंटनं, पैसे गेले पुड्यांना

गेल्या वर्षी आप्पांना कावीळ झाली आणि तपासात स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. यकृतात गाठी गेल्या होत्या. मिरजेत दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी टाकली, कावीळ उतरली, जेमसिटाबिनची केमो सुरू झाली. बरं होणार नाही, पण महिने वाढतील, त्रास कमी राहील, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ते खरं बोलले म्हणूनच आम्हाला ते नकोसे झाले.

दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर एकानं गाठलं. त्याचे वडील म्हणे याच आजारातून उठले. सांगलीत एका फ्लॅटमध्ये वैद्य बसायचे. एकवीस दिवसांच्या पुड्या, १८,००० रुपये, रोख. केमो फुले योजनेत फुकट चालली होती आणि या पुड्यांसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. पुडीवर ना नाव, ना बॅच नंबर. पावती मागितली तर म्हणाले, "शंका घेतली की गुण येत नाही."

महिन्यानं सीए १९-९ चा, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात बघतात त्या आकड्याचा रिपोर्ट आला. आकडा ९४० वरून २१० वर. वैद्यांनी त्याला लाल पेनानं गोल केला. "आता केमो थांबवा, ती शरीर जाळते." थांबवली. जेवण पचायला दिलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूलही बंद केल्या. हा निर्णय माझा होता, आप्पांचा नाही.

पित्त तुंबलं की हा आकडा त्यामुळेही चढतो आणि वाट मोकळी झाली की उतरतो, हे मला फार उशिरा कळलं.

सहा आठवड्यांत डोळे पुन्हा पिवळे. खाज एवढी की आप्पा कंगव्यानं पाठ ओरबाडायचे, बनियनवर रक्ताचे ठिपके पडायचे. फोनवर वैद्य म्हणाले, "विष बाहेर पडतंय, पुड्या दुप्पट करा." दोन रात्रींनी हुडहुडी भरून ताप आला. प्लास्टिकचा स्टेंट तुंबला होता. तो साधारण तीन महिन्यांत बदलावा लागतो. तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली होती, आम्ही कार्ड उघडलंच नव्हतं.

स्टेंट बदलला, पण केमो पुन्हा सोसेल एवढं अंगात उरलं नव्हतं. दिवाळीआधी आप्पा गेले.

कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. त्या फ्लॅटला आता कुलूप आहे, फोन लागत नाही. उरलेल्या सात पुड्या मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिल्या. तुमच्या घरात अशा पुड्या असतील तर रागानं फेकून देऊ नका, तपासणीला त्याच लागतात.