कराडचं एक सलून : राजकारण चालतं, शिवी चालत नाही (४ स्टार)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू सलूनचा असला तरी अर्ध्याहून जास्त राजकारणावरच जाणार आहे, ज्यांना फक्त कटिंगचं बघायचंय त्यांनी पुढचा पॅरा वाचून सुटावं. दत्त चौकाकडनं प्रीतिसंगमाकडे जाताना आत एका बोळात दुकान आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, मालकाला ऑनलाईन गर्दी नकोय, "रविवारी तसंबी बसायला जागा नसती" म्हणतो. मालकाला गिऱ्हाईक, कारागीर, समोरचा चहावाला सगळे अण्णाच म्हणतात.

तर कटिंग. तीन खुर्च्या आहेत. फेड, साईड झिरो वगैरे पाहिजे असेल तर मधल्या खुर्चीवरच्या पोराकडे बसा, हात भारी आहे त्याचा. अण्णांकडे फेड मागू नका, ते काहीही सांगितलं तरी मिडीयमच करतात आणि वर "शोभतंय" म्हणतात. दाढीला ब्लेड तुमच्यासमोर पाकीट फोडून, अर्धं मोडून लावणार, शेवटी तुरटी फिरवणार, ती झोंबते पण तोंड दिवसभर गार राहतं. टॉवेल स्वच्छ, जरा पातळ. कटिंग १००, दाढी ६०, मालिश वेगळी. यूपीआय आहे. पार्किंगचं नाव काढू नका.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे बहुतेक सलूनात, हॉटेलात पाटी असते, "कृपया राजकीय चर्चा करू नये". इथे ती नाही. इथे कुणावरही बोला, आमदार, खासदार, मुख्यमंत्री, पंतप्रधान, अण्णा स्वतःच विषय काढून देतात. फक्त माणसाच्या अंगावर, घरच्या बाईमाणसावर, जातीवर गेलात की कात्री थांबते. म्हणजे खरंच थांबते. अण्णा कात्री-कंगवा खिशात घालून बाहेर तंबाखू मळायला जातात आणि तुम्ही आरशासमोर एक बाजू कापलेली, एक बाजू झिपरी, असे बसता. मी एका पोराला असं चांगलं दहा-पंधरा मिनिटं बसलेलं बघितलंय.

विषय नारायण राणेंचा निघाला होता. ऑगस्ट २०२१ चं ते प्रकरण, महाडला बोलताना उद्धव ठाकरेंच्या कानाखाली द्यायची भाषा केली, दुसऱ्या दिवशी संगमेश्वरात अटक, रात्री महाडच्या कोर्टातनं जामीन. केंद्रीय मंत्री आणि अटक, राज्यभर धुरळा. पोरगा ठाकरेंच्या बाजूचा होता आणि राणेंना काय काय बोलला ते इथं लिहिता येत नाही. कात्री गेली खिशात. परत आल्यावर अण्णा म्हणाले, "लेका, राणे कशावरनं चिडलेले, सांग बरं?" पोराला सांगता येईना. दुकानातल्या निम्म्या लोकांना येईना. मुद्दा काय होता, तर १५ ऑगस्टच्या भाषणात मुख्यमंत्री स्वातंत्र्याचं कितवं वर्ष यावर अडखळले. आता मुख्यमंत्र्याला ते पाठ असायला पाहिजे का, तर पाहिजे की! रास्त टीका होती. पण ती कुणाच्या लक्षात राहिली नाही, कानाखाली तेवढी राहिली. आणि सरकारनं पोलीस पाठवून वरनं त्याची आणखी जाहिरात केली. अण्णांचं म्हणणं दोघंही चुकले, मुख्यमंत्र्याची खुर्ची एवढी कच्ची नसती की कुणी एक वाक्य बोलला म्हणून हातकड्या काढाव्या. मला हे पटलं. शिवी दिली की ज्याला दिली त्याची सुटका होते, चर्चा शिवीवर जाते आणि त्यानं काय केलं ते बाजूला पडतं.

शनिवारी सकाळी गेलात तर एक रिटायर वकील भेटतील, दाढी करून झाली तरी उठत नाहीत, पेपर संपेपर्यंत तिसरी खुर्ची त्यांचीच. त्यांचा आवडता विषय भगतसिंग कोश्यारी. २०१९ ते २०२३ राज्यपाल होते तेव्हा सगळा महाराष्ट्र त्यांच्या काळ्या टोपीवर जोक मारत होता. वकीलसाहेबांना त्याची चीड. म्हणतात टोपीवर बोललात की ते हसून सोडून देणार, बारा नावांवर बोला ना. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं विधान परिषदेसाठी बारा नावं पाठवली, राज्यपालांनी ना हो म्हटलं ना नाही, फाईल नुसती पडून. आता गंमत अशी की कलम ३६१ प्रमाणे राज्यपालाला त्याच्या कामाचा जाब कोर्टात विचारता येत नाही, नोटीससुद्धा काढता येत नाही. तरीपण ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलंच, की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने म्हणजे पुष्कळ झाले. ना नोटीस, ना आदेश, पदाचा मान जागच्या जागी, आणि तरी जे म्हणायचं ते स्वच्छ म्हटलं. मग ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्ट. ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगायला राज्यपालांपुढे पुरेसं काही नव्हतं, ते चुकलं, असं पाच न्यायमूर्तींनी लिहिलं. त्याच निकालात हेही लिहिलं की ठाकरेंनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, तेव्हा त्यांना परत बसवता येत नाही. वकीलसाहेब हा निकाल सांगताना दाढीचा साबण वाळून जातो, कारागीर बिचारा ब्रश घेऊन उभा.

यावर कुणीतरी म्हणालंच, मग कोश्यारी शिवाजी महाराजांना जुन्या जमान्याचे आदर्श म्हणाले तेव्हा काय गप्प बसायचं? तर नाही, तेव्हा या दुकानात सगळ्यात जोरात अण्णाच बोलले होते म्हणे, राज्यपालांनी राजीनामा द्यावा असा कागद आरशाला चिकटवला होता. त्या कागदावर लिहिलेलं "मा. राज्यपाल महोदय". चिकटपट्टीचा डाग अजून आहे आरशावर, विचारलं की दाखवतात.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रसंग वेगळाच. शेजारच्या तालुक्यातले एक माजी सभापती दाढीला आले होते. पंचायत समितीवाले. मान मागे, गळ्यावर फेस, अण्णांचा वस्तरा हनुवटीखाली, आणि बाकावर बसलेल्या एका शेतकऱ्यानं सुरू केलं. सभापतीसाहेब, तुमच्या काळात आमचा पाणंद रस्ता मंजूर झाला होता, मुरूम पडला तो अर्ध्यापर्यंतच, पुढच्या अर्ध्याचं बिल निघालं का नाही तेवढं सांगा, माझा ऊस आजपण डोक्यावरनं बाहेर काढावा लागतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत आहो-जाहो, आवाज चढवला नाही, साहेब म्हणायचं सोडलं नाही. सभापतींना मान हलवता येईना, बोलता येईना, डोळे तेवढे इकडून तिकडे. अण्णा मुद्दाम हळू करत होते याची मला खात्री आहे. फेस पुसल्यावर सभापती म्हणाले बघतो. शेतकरी म्हणाला, "बघतो न्हाय साहेब, तारीख सांगा." दुकान एकदम गप्प आणि मग सगळे हसले, सभापतीपण हसले, पण कान लाल झालेले. रस्त्याचं पुढं काय झालं विचाराल तर अजून तसाच आहे, मी काही सिनेमा सांगत नाहीये. पण ते साहेब अजूनही दाढीला इथंच येतात, आणि आले की बाकावर कोण बसलंय ते आधी बघतात, हे कमी नाही.

कराडात हे सगळं चालतं त्याला कारणही आहे. हे यशवंतरावांचं गाव. आज त्यांच्या समाधीवर सगळ्या पक्षांचे लोक फुलं वाहतात, पण १९५७ ला हेच गाव त्यांच्यावर किती चिडलेलं हे नव्या पोरांना माहीत नसतं. संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे अशी भूमिका त्यांनी घेतली, म्हणून घरच्या मतदारसंघात निवडणूक कशीबशी निघाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. यशवंतराव तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्र समितीनं घाटात हजारो माणसं काळी निशाणं घेऊन उभी केली. अण्णांचे आजोबा पसरणीच्या घाटात होते, धोतराचा तुकडा काळा रंगवून नेलेला. पंतप्रधानांची गाडी गेली, घोषणा झाल्या, निशाणं वर झाली, आणि माणसं शांतपणे घाट उतरून घरी. देशाचा पंतप्रधान महाराजांच्या गडावर येतोय तर त्याला अडवायचं नाही, पण तो चुकतोय हे त्याला दिसलं पाहिजे. अडीच वर्षांत १ मे १९६० आला. आणि आचार्य अत्रे! नेहरूंवर त्यांच्याइतकं आसूड ओढून कुणी लिहिलं नसेल मराठीत, आणि १९६४ ला नेहरू गेल्यावर 'मराठा'त दिवसामागून दिवस तेच अत्रे ढसाढसा लिहीत होते. (अत्रे अण्णांच्या खुर्चीत बसले असते तर कात्री दर दोन मिनिटांनी थांबली असती हेही खरं. ते काही सभ्यतेचे पुतळे नव्हते.)

आता एक स्टार का कापला ते. अण्णांचा नियम कधी कधी जास्तच होतो. एका इंजिनीअरिंगच्या पोरीनं, भावाला कटिंगला घेऊन आली होती, तोंडावर सांगितलं की काका, "पदाचा मान ठेवा" हे वाक्य आमच्यासारख्यांना गप्प करायलाच वापरतात. तिचं काय चुकलं? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन पोरींना एका फेसबुक पोस्टवरून, म्हणजे एकीनं लिहिलं आणि दुसरीनं लाईक केलं यावरून, अटक झाली होती, त्यात शिवी नव्हती, बाळासाहेब ठाकरे गेल्यावरचा बंद कशाला एवढाच प्रश्न होता. ज्या कलमाखाली ती अटक झाली ते आयटी कायद्याचं ६६अ सुप्रीम कोर्टानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. आणि लगेच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्याच्या गृहखात्यानं परिपत्रक काढलं, सरकारच्या प्रतिनिधींवरची टीका राजद्रोहात कधी मोजायची त्याचं. ओरड झाली, लोक हायकोर्टात गेले, ऑक्टोबरमध्ये मागे घेतलं. म्हणजे खुर्चीचा मान म्हणत म्हणत खुर्चीतल्या माणसाला झाकायचं, हे सगळ्या पक्षांना जमतं. अण्णांनी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या बघण्यात तरी चेष्टेवर, नकलेवर, एकेरीवर कात्री थांबलेली नाही, फक्त आईबहिणीवर आणि जातीवर थांबते. मला वाटतं रेघ तिथंच पाहिजे. नक्कल बंद केली तर मराठी माणूस श्वास कसा घेणार.

बाकी तक्रारी किरकोळ पण आहेत. पहिल्या खुर्चीचं डोकं टेकायचं हळूहळू खाली घसरतं, दाढी होईपर्यंत तुम्ही छताकडे बघत असता. चर्चा रंगली की मालिश दोन मिनिटांत गुंडाळतात, पैसे पूर्ण. निवडणुकीच्या आठवड्यात मिशीची एक बाजू लांब राहण्याची शक्यता धरून चला, माझी राहिलेली आहे. लहान पोरांना सकाळी लवकर न्या, नंतर त्यांना सगळ्या खात्यांचे मंत्री पाठ होतात. सोमवारी बंद. आणि फोटो काढून टाकू नका, अण्णांना आवडत नाही.