समुद्रकाठच्या गावांवरचे प्रवासलेख: उपयोगाचे किती, भरवशाचे किती?

समुद्रकाठच्या छोट्या गावांवरचे लेख वाचून लोक रजा टाकतात, खोल्या आरक्षित करतात आणि लेकराबाळांना घेऊन पाण्यात उतरतात. ज्यावर एवढी भिस्त ठेवली जाते, त्याची पारख व्हायलाच हवी. निकाल आधीच सांगतो. पोचायचं कसं आणि आसपास बघण्यासारखं काय, इथपर्यंत बहुतेक लेख कामाला येतात. समुद्र कुठल्या महिन्यात कसा असतो, पाण्यात उतरणं कितपत सुरक्षित आणि गावात बाराही महिने राहतं कोण, या तिन्ही बाबतींत बरेचसे नापास होतात. लेखात महिना नसतो, भरती-ओहोटीची वेळ नसते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

फिलिपिन्समधलं बोराकाय बेट घ्या. पश्चिमेकडची सुमारे 4 किलोमीटर लांबीची व्हाइट बीच असंख्य लेखांत एकाच रूपात भेटते: आरशासारखं पाणी आणि शिडाच्या होड्या. हे रूप खरं आहे, पण ते ईशान्येचा वारा असतो तेव्हाचं, साधारण नोव्हेंबर ते मे. जून ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा वारा सुटला की लाटा थेट याच पुळणीवर येतात आणि पूर्वेकडचा बुलाबोगचा किनारा निवतो. तिथले लोक या वाऱ्यांना अमिहान आणि हबागात म्हणतात. हे दोन शब्द ज्या लेखात नाहीत, त्याच्या लेखकाने बेट एकाच ऋतूत पाहिलं असं समजायला हरकत नाही. उत्तम बेटांच्या याद्यांत बोराकाय वर्षानुवर्षं झळकत होतं, आणि त्याच काळात तिथलं सांडपाणी समुद्रात जात होतं. शेवटी 26 एप्रिल 2018 पासून सरकारने बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं.

मेक्सिकोतल्या तुलुमचीही तीच गत. 2011 पासून अटलांटिकमधलं सरगॅसम हे तपकिरी शैवाल कॅरिबियन किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात येऊन पडू लागलं. तुलुमकडे त्याचा जोर साधारण एप्रिल ते ऑगस्टमध्ये असतो, आणि ढीग सडले की कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. शिवाय लेखांतलं 'तुलुम' म्हणजे बहुतेकदा किनाऱ्यालगतची हॉटेलांची पट्टी. लोकवस्तीचं गाव काही किलोमीटर आत, हमरस्त्यावर आहे. 'गावात स्वस्त खोली घ्या आणि सकाळी चालत समुद्रावर जा' हा सल्ला तिथे लागू पडत नाही.

लेखकांनी जाणूनबुजून खोटं लिहिलेलं असतंच असं नाही. लेखकांना फुकट राहायला बोलावलं जातं ते खोल्या रिकाम्या असतात तेव्हा, कारण भर हंगामात त्याच खोल्यांना पैसे देणारं गिऱ्हाईक असतं. लेखकाला किनारा मोकळा दिसतो आणि 'गर्दीपासून दूर' हे शब्द प्रामाणिकपणे लिहिले जातात. वाचक मात्र शाळांना सुट्ट्या लागल्यावर पोचतो.

फोटोंचं गणित वेगळं. पोलरायझिंग फिल्टर लावला की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसू लागतो. नुसत्या डोळ्यांना तेच पाणी तितकं नितळ दिसत नाही. टेलिफोटो लेन्सने दूरचा डोंगर पुळणीला चिकटल्यासारखा वाटतो. पुळणीची रुंदी तर ओहोटीवर ठरते. बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, भरती आणि ओहोटीत सुमारे सव्वासहा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आलं की उतार कमी असलेली पुळण जवळजवळ नाहीशी होऊ शकते. फोटोत ओली चकचकीत वाळू, तिच्यावर लाटांच्या नक्षीच्या रेघा आणि एका कुशीवर कललेल्या होड्या दिसल्या, तर तो ओहोटीचा फोटो आहे हे नक्की धरावं.

सगळ्यात गंभीर दोष पुढचा, आणि त्याला सौंदर्यदृष्टी म्हणून माफी देता येणार नाही. लाटा वाळूच्या उथळ बांधांवर फुटतात. किनाऱ्याशी साचलेलं पाणी त्या बांधांमधल्या खोल फटीतून परत समुद्रात ओढलं जातं. हाच रिप करंट. फट खोल असल्याने तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पाण्याचा पट्टा असं दृश्य दिसतं. लेखात 'पोहायला निवांत कोपरा' म्हणून नेमका हाच पट्टा दाखवला जाऊ शकतो. खडकांच्या आणि धक्क्याच्या कडेला, म्हणजे फोटो छान येतात तिथेच, हा प्रवाह हमखास सापडतो. जोराचा प्रवाह सेकंदाला 2 मीटरच्या वर जातो आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्यासमोर हरतो. सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली असते, दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. झेंड्यांबद्दल आणि जीवरक्षकांच्या वेळेबद्दल अवाक्षर न काढता 'सूर्यास्ताला डुंबा' सांगणारा लेख धोकादायक आहे, कारण तोवर बऱ्याच ठिकाणी जीवरक्षकांची पाळी संपलेली असते.

राहिली माणसं. 'मासेमारांचं निवांत गाव' ही ओळ वाचली की विचारावं, मासेमार राहतात कुठे? इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जमध्ये बाहेरच्यांनी घेतलेल्या दुसऱ्या घरांमुळे घरभाडी आणि किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्या. मे 2016 मध्ये तिथल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला, की नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत. ऑस्ट्रेलियातल्या बायरन बे परिसरात मालक राहत नसलेली घरं पर्यटकांना अल्प मुदतीने देण्यावर सप्टेंबर 2024 पासून बहुतेक भागांत वर्षाला 60 दिवसांची मर्यादा आली. कामगारांना घर मिळत नाही तिथे उपाहारगृहं आठवड्यातले काही दिवस बंद राहतात आणि सेवा मंदावते. मग पुढच्या लेखात त्याला 'गावाची संथ लय' म्हटलं जातं. हे वाचून खरोखर वाईट वाटतं.

लेख टाकून देऊ नयेत. त्यातली ठिकाणांची नावं घ्यावीत आणि बाकीचं पडताळावं. आपण जाणार त्याच महिन्यात गेल्या वर्षी पर्यटकांनी टाकलेले फोटो बघावेत, जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढावं. '10 मिनिटांवर समुद्र' असेल तर पायी की गाडीने ते नकाशावर मोजावं. पायी 10 मिनिटं म्हणजे सुमारे 800 मीटर. खोली घेण्याआधी फोन करून एवढं विचारावं: त्या आठवड्यात वारा कुठून असतो, जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतात, आणि हंगाम संपल्यावर शेवटची बस किती वाजता सुटते.