लातूरहून पुण्याला बिऱ्हाड न्यायचं: पॅकर्सवाले, ओळखीचा टेम्पो की रेल्वे?

दोन खोल्यांचं सामान आणि एक मोटारसायकल एवढंच न्यायचं असेल, तर ओळखीचा टेम्पो करा आणि घरातलं एक माणूस केबिनमध्ये बसवा. पॅकर्सवाल्यांचा विचार त्यानंतर. ठेच लागल्यावर झालेलं मत आहे हे.

पॅकर्सवाल्यांशी आमचे फोनवर १४ हजार ठरले होते. सामान भरायला आलेली माणसं त्या कंपनीची नव्हतीच, टेम्पोही तिसऱ्याचाच. दुसऱ्या दिवशी पुण्याबाहेरच्या गोदामातून फोन आला, ‘सामान जास्त निघालं, आणखी ९ हजार टाका, मग गाडी सोडतो.’ आईचं पितळी घंगाळ, पोरीची दहावीची पुस्तकं, गॅसची शेगडी, सगळं त्यांच्या ताब्यात. भरले पैसे. मोटारसायकल आठ दिवसांनी मिळाली, तेव्हा मीटर १६० किलोमीटर पुढे गेलेलं होतं.

तरी काचसामान, टीव्ही, फ्रिज ही मंडळी आपल्यापेक्षा नीट बांधतात, हे मान्य करायला हवं. बंगळूर, दिल्लीसारख्या लांबच्या गावाला जायचं तर त्यांच्याकडे जावंच लागतं. मग घरी येऊन सामान बघून लेखी दर देणाराच निवडा. त्याचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव-पत्ता जुळतो का पाहा. विसार थोडाच द्या, मोठी रक्कम सामान उतरल्यावर.

सगळ्यात जास्त लक्ष बिल्टीकडे, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीकडे द्या. ‘भाडं कमी लिहू, टॅक्स वाचेल’ असं सांगतात आणि आपण हो म्हणतो. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, जादा जोखमीचा दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचं वाढीव भाडं) भरलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीच्या आत. म्हणजे १८ हजारांच्या जागी २ हजार लिहिले की भरपाईची मर्यादा १ लाख ८० हजारांवरून २० हजारांवर येते. भाडं खरं लिहून घ्या, सामानाची किंमतही खरी लिहा. विम्याचे पैसे घेतले तर विमा कंपनीची पॉलिसी मागा, पावतीवरचा ‘इन्शुरन्स’ शब्द पुरेसा नाही. वाटेत जकात लागली म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, जकात राज्यातून केव्हाच गेली. घरच्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिलही (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही.

टेम्पोचं गणित सोपं आहे. पुण्याहून माल घेऊन आलेली गाडी रिकामी परतत असेल तर भाडं बरंच खाली येतं. मार्केट यार्डात, ट्रान्सपोर्टवाल्यांकडे चौकशी करा. बांधाबांध मात्र आपल्यालाच करावी लागते. गोणपाट, सुतळी, जुन्या गोधड्या लागतात, आणि ताट-वाट्या कपड्यांत गुंडाळायच्या. तुटलं-फुटलं तर भरपाईची आशा नको. दोन्हीकडची हमाली, मजला धरून, आधीच ठरवा. भांडणं तिथेच होतात. गाडीचा नंबर आणि चालकाच्या लायसनचा फोटो घरी पाठवून ठेवा.

रेल्वे फक्त मोटारसायकलपुरती. नांदेड, छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आरसीची प्रत आणि ओळखपत्र द्यायचं, टाकी पूर्ण रिकामी करायची, गाडी गोणपाटात बांधून घ्यायची. वेळ जातो, पण हातात सरकारी पावती असते आणि गाडी कोणी फिरवत नाही. टेम्पोत जागा असेल तर मात्र गाडी सामानासोबतच न्या.

आणि सामान अडवलंच तर? घाबरून लगेच पैसे भरू नका, मी तीच चूक केली. ११२ वर फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ताब्यात दिलेला माल वाहतूकदाराने हडप केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुकसानभरपाईचा दावा करायचा तर त्याआधी, बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला हवी. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत.