रायफल निवडण्याआधी काडतूस: .280, 7.62 आणि 5.56 समोरासमोर

पायदळाच्या शस्त्रावर वाद होतो तो रायफलीचा, पण सैन्याचे हात तीस-तीस वर्षे बांधून ठेवते ते काडतूस. रायफल बदलली तर जुनी गोदामात जाते. काडतूस बदलले की कारखान्यातली यंत्रे, मशीनगन, मॅगझिन आणि युद्धासाठी राखलेला साठा, सगळ्यालाच हात घालावा लागतो. कोणते काडतूस घ्यावे हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांनी आधी हे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. नावातला पहिला आकडा गोळीचे माप, × नंतरचा टरफलाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये; .280 आणि .30 ही मापे मात्र इंचांत. नळीच्या लांबीप्रमाणे आकडे थोडे पुढे-मागे होतात.

| काडतूस | गोळी | वेग (मी./से.) | ऊर्जा (ज्यूल) | पूर्ण काडतूस | 2.4 किलोत नग |
|---|---|---|---|---|---|
| .280 ब्रिटिश (7×43) | 9 ग्रॅम | 770 | 2,670 | 20 ग्रॅम | 120 |
| 7.62×51 नाटो | 9.5 ग्रॅम | 840 | 3,350 | 24 ग्रॅम | 100 |
| 7.62×39 सोव्हिएत | 8 ग्रॅम | 715 | 2,050 | 16 ग्रॅम | 150 |
| 5.56×45 (एसएस109) | 4 ग्रॅम | 930 | 1,730 | 12 ग्रॅम | 200 |

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. जवानाच्या पाठीवर वजन तेवढेच राहते, फक्त हातात येणाऱ्या गोळ्या दुप्पट किंवा निम्म्या होतात.

.280 की 7.62×51

दुसऱ्या महायुद्धातून ब्रिटिशांनी काढलेला निष्कर्ष असा की पायदळाची चकमक बहुतेक वेळा सहा-सातशे यार्डांच्या आतच होते. मग दोन हजार यार्डांवर मारा करणारे काडतूस वाहून न्यायचे कशाला? त्यातून .280 आले आणि त्याच्याभोवती एन्फिल्डच्या ब्रिटिश शस्त्रकेंद्रात ईएम-2 ही रायफल घडली. अमेरिकेच्या ऑर्डनन्स विभागाला, विशेषतः कर्नल रेने स्टडलर यांना, हे पटत नव्हते. .30 कॅलिबर (नळीचा व्यास) सोडायचे नाही आणि जुन्या .30-06 काडतुसाची ताकद कमी होऊ द्यायची नाही, या दोन अटींवर ते ठाम होते. नवी दारू कमी जागेत तेवढाच वेग देत होती, म्हणून टरफल 63 मिलिमीटरवरून 51 वर आले. लांबी घटली, धक्का मात्र जवळपास तसाच राहिला.

हा धक्काच पुढे नडला. हलक्या रायफलीतून 7.62×51 ऑटोमॅटिक झाडले की दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपर्यंत नळी वर उचलली जाते. ब्रिटनची पुढची रायफल एल1ए1 एकेक गोळीचीच ठेवली गेली. अमेरिकेच्या एम14 रायफलीत ऑटोमॅटिकची सोय होती, तरी बहुतेक जवानांना ती बंद करूनच दिली गेली. बहुतेक गोळ्या तीनशे यार्डांच्या आतच लागतात, असे अमेरिकी लष्करासाठी अभ्यास करणाऱ्या ऑपरेशन्स रिसर्च ऑफिसनेच 1952 मध्ये दाखवून दिले होते. पायदळी रायफलीपुरते बोलायचे तर .280 सरस होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मध्यम मशीनगनसाठी मात्र 7.62×51 उत्तम आहे आणि आजही टिकून आहे.

मग .280 हरले कसे?

एप्रिल 1951 मध्ये ब्रिटनच्या ॲटलींच्या मजूर सरकारने ईएम-2 आणि .280 स्वीकारल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि कॅनडा एकत्र बसले, पण एकमत झाले नाही. ऑक्टोबरमध्ये चर्चिल सत्तेवर परतले आणि जानेवारी 1952 मध्ये ट्रूमन यांच्या भेटीनंतर ईएम-2 थांबली. युरोपात युद्ध पेटले तर दारूगोळा अटलांटिकपलीकडून येणार, त्या कारखान्यांत बनत नसलेले काडतूस आपल्या सैन्याला देणे धोक्याचे, हा चर्चिल यांचा हिशेब होता. तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही. दोष द्यायचाच तर मित्रांचे पुरावे न पाहता आपले कॅलिबर लादणाऱ्याला द्यावा. 1954 मध्ये ब्रिटनने बेल्जियमच्या एफएन कंपनीची 7.62×51 ची एफएएल रायफल निवडली; एल1ए1 ही तिचीच ब्रिटिश आवृत्ती. 7.62 मान्य केले की अमेरिकाही एफएएल घेईल अशी मित्रांची अपेक्षा होती. तिने 1957 मध्ये स्वतःची एम14 घेतली.

ईएम-2 की एफएएल

ईएम-2 ची लांबी 889 मिलिमीटर, एफएएलची सुमारे 1,090. तरी ईएम-2 ची नळी आखूड नाही, कारण तिच्यात मॅगझिन ट्रिगरच्या मागे आहे. पण ती उजव्या खांद्यावरूनच चालवावी लागते. डाव्या खांद्याला लावली तर टरफले थेट तोंडावर येतात.

एफएएल लांब आणि जड, पण तिचा गॅस रेग्युलेटर, म्हणजे झाडलेल्या गोळीचा किती गॅस यंत्रणेकडे जावा हे ठरवणारा भाग, शिपायाला स्वतः जुळवता येतो. रेग्युलेटर पूर्ण उघडायचा, मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून झाडायची. बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे अडकला नाही तर एक खाच बंद करून पुन्हा तेच. बोल्ट मागे अडकू लागला की आणखी दोन खाचा बंद करायच्या. गॅस कमी पडला तर रिकामे टरफल खिडकीत अडकते. जास्त झाला तर टरफल चेंबरमधून हिसकले जाते, कड फाटते आणि सुटे भाग लवकर झिजतात. वाळवंटातल्या बारीक वाळूने रायफल अडकू लागली, म्हणून ब्रिटिशांनी बोल्ट कॅरियरवर वाळूसाठी तिरप्या खाचा पाडल्या.

एक फट मात्र राहिलीच. काडतूस सर्वांचे एक झाले, मॅगझिन नाही. ब्रिटिश इंची मापाचे मॅगझिन बेल्जियन मेट्रिक एफएएलमध्ये बसत नाही. उलट बाजूने बसते, पण सैल. शेजारच्या तुकडीकडून गोळ्या घेता येतील, भरलेली मॅगझिन घेता येतीलच असे नाही. करार वाचताना हे कलम आधी शोधावे.

पलीकडच्या गटातही तेच

चेकोस्लोव्हाकियाने 1952 मध्ये स्वतःचे 7.62×45 काडतूस आणि त्याची vz. 52 रायफल काढली. सोव्हिएत गटाच्या वॉर्सा करारातल्या देशाला ते काडतूस चालवता येणार नव्हते. त्याच रायफलीची vz. 52/57 ही आवृत्ती सोव्हिएत 7.62×39 वर आली. पुढची vz. 58 कलाश्निकोव्हसारखी दिसते, पण तिची मॅगझिनसुद्धा कलाश्निकोव्हला चालत नाहीत. काडतूस मोठ्या भावाचे, रायफल आपली: लहान मित्राला दोन्हीकडे एवढीच मोकळीक मिळाली.

5.56 घेताना

व्हिएतनाम युद्धाने अमेरिकेचा 7.62 चा आग्रह मोडला आणि ती 5.56 च्या एम16 रायफलीकडे वळली. नाटोने 1980 मध्ये बेल्जियन एसएस109 गोळी निवडली. इथे नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या चरांचा वेढा, तपासावाच लागतो. एम16ए1 च्या नळीत 305 मिलिमीटरला एक वेढा आहे. एसएस109 लांब असल्याने तेवढ्या पिळात नीट स्थिर राहत नाही, म्हणून एम16ए2 मध्ये तो 178 मिलिमीटर केला. कॅलिबर तेच, तरी जुन्या रायफलीतून नवी गोळी भरकटते.

भारताची निवड

कोणत्याही गटात नसूनही भारताने 7.62×51 घेतले आणि इशापूरच्या कारखान्यात एफएएलवर आधारित 1ए1 रायफल बनवली. पुढे पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने आखलेली 5.56 ची इन्सास रायफल आली. आता उत्तर प्रदेशातल्या कोरव्याला 7.62×39 ची एके-203 रायफल बनते आणि 7.62×51 ची सिग 716 रायफल आयात झाली आहे. दूर पल्ल्याच्या डोंगरी मोर्च्यावर 7.62×51 योग्य, आणि एमएजी मशीनगन त्याचीच असल्याने पुरवठाही एक. दाट झाडी, वस्ती, जवळची चकमक असेल तर 7.62×39. वजन हीच मुख्य अडचण असेल तर 5.56. पण तीन काडतुसे एकाच वेळी बाळगायची तर वरणगावसारख्या काडतूस कारखान्यापासून शेवटच्या चौकीपर्यंत तीन साखळ्या सांभाळाव्या लागतात. त्यातल्या दोन्ही 7.62 एकमेकांच्या चेंबरला चालत नाहीत, त्यामुळे मागणीपत्रावर नुसते ‘7.62’ लिहून भागत नाही. पुढचा 39 किंवा 51 लिहावाच लागतो.